गावच्या वहीत लग्न सापडत नाही, मग शेजारी कुठे शोधायचे? (कोकणपट्टी)

खाडीपलीकडे :
वंशावळीच्या इतर धाग्यांवर हा प्रश्न फिरून फिरून येतो, म्हणून एकाच जागी बोलूया. मुलांचे जन्म किंवा बाप्तिस्मे गावात सापडतात, मृत्यू सापडतो, जमिनीवर नावही असते. आईबापांचे लग्न मात्र कुठेच नाही. चर्चेसाठी एक नमुना घेऊ. वेंगुर्ले तालुक्यातले ख्रिस्ती कुटुंब, चार मुलांचे बाप्तिस्मे गावच्या चर्चच्या वहीत १८९९ ते १९११ या काळात, नवऱ्याचा बाप्तिस्माही तिथलाच. लग्नांची १८९० ते १९०० ची वही पाहून झाली, नोंद नाही. बाईचे नाव मारिया आणि माहेर 'गोव्याकडचे', एवढीच घरात माहिती. आता पुढची वही कुठली उघडायची? हिंदू, मुसलमान, बेने इस्रायली (कोकणातले ज्यू) घरांच्या वाटा वेगळ्या आहेत, त्याही इथेच येऊ द्या.

जुनी_वही :
'पाहून झाली' म्हणजे नक्की काय झाले ते आधी ठरवा. वही सलग आहे आणि नोंद नाही, ही एक गोष्ट. वही आहे पण मधली पाने गेली आहेत, ही दुसरी. त्या वर्षांची वहीच शिल्लक नाही, ही तिसरी. पहिल्या प्रकारात शेजारी जायचे. दुसऱ्या-तिसऱ्यात शेजारी कितीही हिंडलात तरी संशय मागे राहतोच, कारण नोंद गावातच होती आणि कसरीने खाल्ली असेही असू शकते. बहुतेक वह्यांत दर वर्षी नोंदींना एकपासून अनुक्रमांक असतो. क्रमांक १४ नंतर १९ आला तर चार लग्ने गेली. पानांचे आकडे नंतर कोणीतरी पेन्सिलने टाकलेले असतात, त्यांच्यावर विसंबू नका.

आणि सूची पाहून उठू नका. पोर्तुगीज पद्धतीच्या सूचीत आडनावाने काही लावलेले नसते. पहिल्या नावाने, तेही बहुधा नवऱ्याच्या. म्हणजे 'फर्नांडिस' शोधत बसलात तर काही मिळणार नाही, 'अंतोनियो', 'जुआंव', 'काएतानो' असे पाहायचे. सूची नंतर केलेली असेल तर तिच्यात गाळलेली नावेही असतात. दहा वर्षांची लग्ने एका लहान पॅरिशमध्ये, म्हणजे एका चर्चच्या हद्दीत, फार नसतात, पान पान उलटणेच बरे.

वाडी_वेंगुर्ला :
गावापासून दहा-पंधरा किलोमीटरचे वर्तुळ काढायचे आणि त्यातली सगळी चर्चे एकामागून एक घ्यायची, हे सोपे नाही का?

होडीघाट :
सोपे आहे, पण कोकणात चालत नाही. वर्तुळात खाडी येते, डोंगर येतो. पाच किलोमीटरवरचे गाव डोंगरामुळे सोयरिकीबाहेर असते आणि वीस किलोमीटरवरचे गाव होडीने जवळ असते. तेरेखोल, कर्ली, वाघोटन, जैतापूर, जयगड, दाभोळ, बाणकोट, राजपुरी, रेवदंडा अशी प्रत्येक खाडी घ्या आणि तिच्या दोन्ही काठांवरच्या गावांची जोडी लावा. रस्ते नंतर आले, सोयरिकी होडीच्या तरीवरून झाल्या. आठवडी बाजार कुठल्या गावाला भरत असे तेही पाहा, कारण स्थळे तिथे कळत.

सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे लग्न मुलीकडे. १९१७ च्या चर्चच्या कायदासंहितेत तर नियमच होता की योग्य कारण नसेल तर विवाह वधूच्या पॅरिशच्या फादरसमोर व्हावा, आणि त्याआधीही रीत तीच. तेव्हा नवऱ्याच्या गावच्या वहीत नोंद नाही यात हरवलेले काहीच नसते. नोंद जिथे असायला हवी तिथेच आहे, फक्त ते गाव तुम्हाला माहीत नाही. म्हणून शोध लग्नाचा नाही, मारियाच्या माहेराचा आहे.

मालवणी_माणूस :
नकाशो बघूं नकात, आधी होडयेची तर खंय होती ता इचारा.

जुनी_वही :
माहेर शोधायची सर्वांत पक्की खूण सांगतो. पहिले बाळंतपण माहेरी. चार मुलांचे बाप्तिस्मे गावात आहेत, पण त्यांतले थोरले खरेच थोरले आहे का? लग्न आणि पहिला सापडलेला बाप्तिस्मा यांत तीन-चार वर्षांचे अंतर वाटत असेल, किंवा घरी आणखी एका थोरल्या भावंडाचे नाव ऐकिवात असेल पण वहीत नसेल, तर ते मूल आजोळी जन्मले आणि तिथल्याच चर्चमध्ये बाप्तिस्मा झाला असे धरा. ज्या पॅरिशमध्ये ते मूल सापडेल त्याच पॅरिशमध्ये वर्ष-दोन वर्षे मागे लग्न सापडण्याची शक्यता सगळ्यात जास्त.

गावात सापडलेल्या चारही बाप्तिस्म्यांची पूर्ण नोंद वाचा, नुसती तारीख उतरवून घेऊ नका. पोर्तुगीज धाटणीच्या नोंदीत बाळाच्या दोन्ही बाजूंच्या आजी-आजोबांची नावे देण्याची रीत होती. 'नेतो मातेर्नो' या शब्दांनंतर आईचे आईवडील येतात, कित्येकदा गावासकट. 'नातुराल दे' म्हणजे मूळ कुठले आणि 'मोरादोर एं' म्हणजे राहतात कुठे. या दोन्ही जागी वेगवेगळी गावे असतील तर पहिले गाव तुम्हाला हवे आहे. चारपैकी तीन नोंदींत फादरने आळस करून गाव गाळले असेल, चौथीत दुसऱ्या फादरने लिहिलेले असते. म्हणून चारही. धर्मपिते-धर्ममाता कोण हेही उतरवा. पहिल्या एक-दोन मुलांना बहुधा मामा नाहीतर आजोळची माणसे उभी राहतात, आणि त्यांच्या नावापुढेही गाव असते.

कोतवाल_बुक :
बाजूच्या समासातही पाहा. १९०८ च्या ईस्टरपासून लागू झालेल्या पोपच्या 'ने तेमेरे' आदेशाने लग्न लावणाऱ्या फादरवर बंधन आले, की वर-वधूच्या बाप्तिस्म्याच्या नोंदीशेजारी लग्नाची तारीख आणि चर्च लिहावे, आणि बाप्तिस्मा दुसरीकडे झाला असेल तर तिथे कळवावे. म्हणजे १९०८ नंतरचे लग्न शोधत असाल तर नवऱ्याच्या बाप्तिस्म्याच्या समासातच उत्तर असू शकते.

खाडीपलीकडे :
नमुन्यातले लग्न १८९६-९८ च्या आसपासचे. तिथे याचा उपयोग नाही ना?

कोतवाल_बुक :
थेट नाही. पण मारियाच्या धाकट्या भावंडांचे लग्न १९०८ नंतरचे असू शकते, आणि तिच्या मुलांचे तर नक्कीच. मुलांच्या समासात त्यांची लग्ने कुठे झाली ते कळते. मामाच्या गावाकडे पुन्हा सोयरीक केलेली आढळली तर तेही बोट त्याच दिशेला. जवळच्या नात्यात लग्न असेल तर चर्चची सूट घ्यावी लागते. त्या अर्जात नाते कसे लागते याची वंशावळ मांडलेली असते आणि ते कागद धर्मप्रांताच्या, म्हणजे बिशपच्या, कार्यालयात जातात, पॅरिशमध्ये नाही.

होडीघाट :
आता हद्दी. इथे बहुतेकांची गाडी अडते, कारण आजचा जिल्हा डोक्यात धरून शोधतात. वेंगुर्ले १८१२ पासून इंग्रजांकडे, नंतर रत्नागिरी जिल्ह्यात. शेजारची सावंतवाडी संस्थान, १९४८ पर्यंत. तेरेखोलच्या पलीकडे पेडणे, १९६१ पर्यंत पोर्तुगिजांचे. सिंधुदुर्ग जिल्हा तर १९८१ मध्ये झाला, दोडामार्ग तालुका त्याहून अलीकडे सावंतवाडीतून निघाला. म्हणजे एका दिवसाच्या पायवाटेत तीन राज्ये. सरकारी कागद तीन दफ्तरांत विभागले गेले. चर्चची गोष्ट उलटी. सावंतवाडीकडच्या जुन्या चर्चांवर गोव्याच्या आर्चबिशपांचा अधिकार होता, राज्याची हद्द तिथे आड येत नव्हती. आज तीच चर्चे सिंधुदुर्ग धर्मप्रांतात आहेत, जो २००५ मध्ये पुणे धर्मप्रांतातून वेगळा झाला. म्हणून जुना पत्रव्यवहार, सुटीचे अर्ज, वह्यांच्या प्रती यांसाठी सिंधुदुर्ग, पुणे आणि गोवा अशा तीनही ठिकाणी विचारावे लागते.

नमुन्यातल्या कुटुंबासाठी मी क्रम असा लावीन. आधी तालुक्यातली आणि सावंतवाडी शहरातली चर्चे. मग तेरेखोलचा काठ. मग शापोरा नदीच्या दक्षिण अंगाचे बार्देश, म्हणजे कोलवाळ, शिवोली, थिवी, अस्नोडा. पेडण्यात ख्रिस्ती वस्ती तुलनेने विरळ आणि बार्देशात दाट, त्यामुळे 'गोव्याकडचे' म्हटल्यावर बार्देशाचे पारडे जड. मडगावच्या बाजूला शेवटी.

वाडी_वेंगुर्ला :
गोव्यात पॅरिशमध्ये जायचे की पणजीला?

होडीघाट :
दोन्हीकडे. जुन्या वह्यांचा मोठा भाग पणजीच्या पुराभिलेख खात्यात आहे, नंतरच्या अजून पॅरिशमध्ये. कुठल्या वर्षी तुटते ते प्रत्येक गावाचे वेगळे. आधी पणजीत त्या गावाच्या लग्नांच्या वह्या कुठल्या सालापर्यंत आहेत ते विचारा, पुढचे पॅरिशला विचारा. पोर्तुगालमध्ये प्रजासत्ताक आल्यावर १९११ मध्ये नागरी नोंदणीचा कायदा झाला आणि पुढच्या काही वर्षांत गोव्यातही ती नोंदणी सुरू झाली. त्यानंतरचे लग्न, मग ते हिंदूंचे असो की ख्रिस्त्यांचे, त्या तालुक्याच्या सिव्हिल रजिस्ट्रारकडे शोधता येते. सिंधुदुर्गातल्या ज्या हिंदू घरांची सोयरीक पेडणे, डिचोली, सत्तरीत आहे त्यांनी हे लक्षात ठेवा. इकडे ज्या काळात हिंदू लग्नाची सरकारी नोंद असण्याचा प्रश्नच नव्हता, त्या काळात तिकडे ती असू शकते.

एकच अडचण, नावांची. त्या वह्यांत शेणैंचे 'सिनाय' होते, प्रभूंचे 'पोरोबो', कामतांचे 'कामोतिम'. 'श' साठी एक्स, 'क' साठी सी, 'के-कि' साठी क्यू. आपल्या आडनावाची अशी चार-पाच रूपे आधी कागदावर लिहून मगच वही मागा.

मोडी_वाचक :
हिंदू घरांबद्दल कोणी स्पष्ट बोलत नाही म्हणून बोलतो. मुंबई राज्याचा विवाह नोंदणीचा कायदा १९५३ चा. सध्याचा, ज्यात ग्रामसेवक नोंद करतो, १९९८ चा. त्याआधीच्या सर्वसाधारण हिंदू लग्नाचा दाखला ग्रामपंचायतीत मागणे म्हणजे त्या ग्रामसेवकाला उगाच त्रास. शिवकाळ-पेशवाईत 'लग्नटका' आणि पाटाच्या लग्नावर 'पाटदाम' अशा पट्ट्या होत्या, त्यांच्या जमा हिशेबात दिसतात. पण बहुधा गावाची एकूण रक्कम असते, नवरा-नवरीची नावे क्वचित. त्यावर भरवसा ठेवून पुण्याचे पेशवे दफ्तर गाठू नका.

तेव्हा लग्नाऐवजी लग्न सिद्ध करणारा कागद शोधायचा. खूण तीच, पहिले मूल आजोळी. गाव नमुना १४, ज्याला सगळे कोतवाल बुक म्हणतात, ही जन्ममृत्यूची वही. ती तहसीलच्या अभिलेख कक्षात असते. त्यात जन्म ज्या गावात झाला तिथे नोंद, म्हणजे थोरल्या मुलाची नोंद बाईच्या माहेरच्या गावात. बाळाचे नाव बहुतेक वेळा नसतेच, नुसते 'मुलगा' किंवा 'मुलगी' आणि बापाचे नाव, जात. म्हणून बापाच्या नावाने शोधा. लिपी मोडी, क्वचित बाळबोध.

कुठल्या गावचे कोतवाल बुक काढायचे ते शाळेतून कळते. थोरल्या मुलाच्या शाळेच्या प्रवेश-निर्गम रजिस्टरमध्ये 'जन्मस्थळ' असा रकाना असतो. गावच्या पोराच्या नावापुढे खाडीपलीकडचे गाव दिसले की आजोळ मिळाले. शाळा सोडल्याचा दाखला नको, मूळ रजिस्टरचा उतारा मागा. दाखल्यावर कारकून जन्मस्थळाच्या जागी सरसकट शाळेचेच गाव टाकून मोकळा होतो.

कोतवाल_बुक :
भर घालतो. बाईच्या माहेरच्या जमिनीचे फेरफार बघा. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यानंतर बाप वारला की वारस नोंदीत लग्न झालेल्या मुलीही येऊ लागल्या, सासरच्या नावाने. हक्कसोड केले असेल तर आणखी चांगले, त्यात नवऱ्याचे नाव आणि राहण्याचे गाव असते. म्हणजे लग्न १९२० चे असले तरी त्याचा पुरावा १९६० च्या फेरफारात मिळू शकतो. मात्र लग्नात नाव बदलले असेल तर माहेरच्या कागदात 'चंद्रभागा' आणि सासरच्या कागदात 'लक्ष्मी' असे होईल. दोन बाया समजून सोडून देऊ नका, नवऱ्याच्या नावावरून जुळवा.

तालुका बदलला असेल तर अर्ज जुन्या तालुक्यालाही करा. नव्या तालुक्याकडे दफ्तर पूर्ण गेले असेलच असे नाही.

मोडी_वाचक :
आणि तीर्थोपाध्याय. नाशिक, त्र्यंबकेश्वर, गोकर्ण इथल्या वह्यांत यात्रेकरूंची नामावळ असते, तिच्यात बायकांची नावे आणि कधी माहेरही लिहिलेले. आडनाव, मूळ गाव आणि जात सांगितल्याशिवाय कुठले उपाध्ये आपले ते कळत नाही. मुंबईचा पत्ता सांगून उपयोग नाही. सासरच्या कुळाची वही वेगळ्या उपाध्यांकडे आणि माहेरच्या कुळाची वेगळ्यांकडे असू शकते, दोन्हीकडे विचारा. ज्या कुळांचे कुलवृत्तांत छापले आहेत त्यांनी बाईच्या माहेरच्या कुळाचाही काढून बघावा. सासरच्या पुस्तकात 'माहेर अमुक' एवढेच असते, माहेरच्या पुस्तकात मुलगी कुठे दिली ते असते.

दंडा_राजपुरी :
श्रीवर्धन, म्हसळा, मुरूड हा भाग जंजिरा संस्थानात होता, १९४८ पर्यंत. सावित्रीच्या या काठी बाणकोट, ते रत्नागिरी जिल्हा. पलीकडे बागमांडला, हरिहरेश्वर, ते संस्थान. होडीने एवढेसे अंतर, पण दफ्तरे पूर्ण वेगळी. मंडणगड-दापोलीच्या लोकांनी रायगडात आणि श्रीवर्धनकरांनी रत्नागिरीत शोधायलाच हवे.

मुसलमान घरांसाठी निकाह वधूकडे, म्हणून नोंद वधूच्या बाजूच्या काझीकडे. जुन्या व्यवस्थेत काझीचा अधिकार एका गावापुरता नव्हता, महाल किंवा परगण्याचा होता. गावोगाव त्याचे नायब निकाह लावत. म्हणून वही त्या गावच्या मशिदीत न मिळता काझींच्या मूळ गावी, त्यांच्या वंशजांच्या घरी मिळते. नंतरच्या काळात जमातीच्या दफ्तरात. निकाहनाम्यात दोघांचे बाप, वधूचा वकील, दोन साक्षीदार आणि मेहर असतो. वकील बहुधा वधूचा चुलता-मामा, त्याच्या गावावरून पुढचा माग काढा.

बेने इस्रायलींमध्ये केतुबा, म्हणजे लग्नाचा करार, घरात जपलेली असते, ती आधी शोधा. आडनावातले गाव म्हणजे मूळ गाव, लग्नाचे गाव नव्हे. नवगावकर घराण्याचे लग्न अलिबागला, पनवेलला किंवा मुंबईच्या सिनेगॉगमध्ये लागलेले असू शकते. मुंबईतले सर्वांत जुने सिनेगॉग १७९६ चे, अलिबागचे १८४८ चे. त्याआधीच्या लग्नांसाठी वहीची आशा धरू नका.

उत्तर_कोकण :
वसई, साष्टी, चौल, कोर्लई भागासाठी एक वेगळीच मेख. एकाच गावात दोन अधिकार होते, पोर्तुगीज पाद्रोआदोचा (पोर्तुगालच्या राजाकडची चर्चव्यवस्था) आणि रोमच्या प्रोपागांदाचा (पोपचे धर्मप्रसार खाते). दोन चर्चे, दोन वह्या. १८८६ ते १९२८ या काळात पाद्रोआदोकडची चर्चे दमणच्या धर्मप्रांतात होती, १९२८ नंतर मुंबईच्या आर्चबिशपांकडे आली. वसईचा धर्मप्रांत १९९८ चा. तेव्हा 'आमच्या चर्चमध्ये नाही' म्हटल्यावर परगावी जाण्याआधी त्याच गावातले दुसरे चर्च बघा. कुटुंबे भांडणावरून या बाजूची त्या बाजूला जात असत. आणि १७३९ च्या आधीच्या वह्यांची वसईत फार अपेक्षा नको, त्या लढाईत आणि नंतर पुष्कळ चर्चे गेली.

वाडी_वेंगुर्ला :
मुंबईत लग्न झाले असेल तर?

उत्तर_कोकण :
मुंबई ही दक्षिण कोकणाची शेजारीणच समजा, आगबोटीने. वेंगुर्ल्याचे, मालवणचे लोक नोकरीला माझगाव, धोबीतलाव, गिरगाव, कावेल, डाबुल इथे राहत. तिथेही १९२८ पर्यंत दोन अधिकार, म्हणजे चर्च निवडताना जवळचे चर्च हा निकष पुरत नाही. गोव्याकडची आणि सावंतवाडीकडची माणसे पाद्रोआदोच्या चर्चकडे जास्त वळत. गावी बाप्तिस्मा झालेल्यांना तिथे लग्नासाठी गावाहून पत्र आणावे लागे, त्याची नोंद किंवा पत्र गावच्या पॅरिशमध्ये चौकशीच्या कागदांत सापडले तर शोध संपलाच. ही कागदांची बोचकी लग्नाच्या वहीपासून वेगळी ठेवलेली असतात. आपण होऊन कोणी दाखवत नाही, नाव घेऊन मागावी लागतात.

हर्णै_बंदर :
दापोलीला इंग्रजांची छावणी होती आणि स्कॉटिश मिशनऱ्यांनी १८२३ पासून बाणकोट-हर्णैला काम केले. प्रोटेस्टंट किंवा युरोपियन कुटुंब असेल तर लग्नांच्या प्रती मुंबई इलाख्याच्या विवरणांत लंडनला जात. ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसच्या एन-३ या मालिकेत त्या आहेत. स्थानिक वही नष्ट झाली असली तरी प्रत राहते.

खाडीपलीकडे :
छान. आता नोंदवही कशी ठेवायची ते कोणी सांगेल का? चार-पाच पॅरिश झाल्या की काय पाहिले, काय राहिले याचा घोळ होतो.

जुनी_वही :
प्रत्येक वहीला एक ओळ. चर्च किंवा कार्यालय, वहीचे शीर्षक, पहिली आणि शेवटची तारीख, गेलेली पाने किंवा क्रमांक, कोणत्या नावांनी शोधले, पान पान पाहिले की फक्त सूची. शेवटचा रकाना विसरू नका, कारण सूचीवर भागवलेली वही परत पाहावी लागते. नोंद न सापडलेल्या वह्या सापडलेल्यांइतक्याच काळजीने लिहा. शिवाय ज्या ज्या लग्नात आपल्या गावचा नवरा आणि परगावची नवरी आहे अशी सगळी लग्ने वेगळी उतरवा, ती आपली नसली तरी. दहा वर्षांत आपल्या गावचे नवरे कुठल्या दोन-तीन पॅरिशमधून मुली आणत होते ते त्यावरून उघड दिसते, आणि पुढचा क्रम आपोआप लागतो.

पॅरिशला आधी पत्र किंवा फोन, रविवारी मिस्सेनंतर गर्दीत नको. पाच वर्षांचा टप्पा सांगा, 'पणजोबांचे लग्न' एवढेच सांगू नका. पावसाळ्यात वह्या मागू नका. दमट हवेत पाने चिकटतात, आणि जुन्या शाईने कुरतडलेला कागद उलगडताना अक्षरांच्या जागी भोके पडतात. फोटोला परवानगी मिळाली तर फ्लॅश बंद आणि अख्खे पान घ्या, फक्त नोंद नको. वरच्या-खालच्या नोंदींवरून फादरचे अक्षर ओळखता येते.

मोडी_वाचक :
महिन्यांचाही विचार करा. हिंदू लग्ने चातुर्मासात नाहीत, ख्रिस्त्यांची ईस्टरआधीच्या उपवासकाळात आणि नाताळाआधीच्या आगमनकाळात सहसा नाहीत. उपवासकाळाआधीचे जानेवारी-फेब्रुवारी आणि ईस्टरनंतर पावसापर्यंतचे दिवस, वहीत या दोन जागी नोंदी दाटलेल्या दिसतील. वेळ कमी असेल तर प्रत्येक वर्षाची हीच पाने आधी.

वाडी_वेंगुर्ला :
घरच्या चोपडीत 'माघ शके १८२०' असे आहे. म्हणजे १८९८ ना?

मोडी_वाचक :
१८९९. शकात ७८ मिळवायचे ते चैत्रापासून डिसेंबरपर्यंत. जानेवारीपासून फाल्गुन संपेपर्यंत ७९. माघ म्हणजे फेब्रुवारीच्या आसपास, तेव्हा १८९९ ची वही मागा. फसली (महसुली) साल असेल तर ५९० मिळवा, आणि जानेवारी ते मृग लागेपर्यंत ५९१, कारण ते साल मृगात बदलते. हिजरीला असा बेरजेचा हिशेब लागत नाही, वर्ष दहा-अकरा दिवसांनी लहान असते. तक्ता घेऊन बसा. अंदाजासाठी, हिजरी १३१८ सुरू झाले ते १९०० च्या मेच्या सुमारास.